रेतीचा पाडा

भागीने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव दोनदा घेतलं. दोन्ही वेळा समोर सरकारी माणूस होता आणि त्याच्या पुढ्यात तोच एक नकाशा होता. हौसेने घेतलं असं म्हणाल तर हौस कुठली! लग्नात बायांनी दार अडवून 'नाव घे, नाव घे' म्हणून हैराण केलं, तेव्हा ही चौदा वर्षांची पोर "रेतीच्या घरात आले" एवढंच पुटपुटली आणि त्यांच्या हाताखालून वाकून आत पसार झाली. बाया हसून हसून लोळल्या. कारण नवऱ्याचं नाव होतं वाळू.

त्या मुलखात यात नवल काही नव्हतं. बाईने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीची कोणी परीक्षा पाहत बसत नाही. पण भागीचं जरा जास्तच होतं. नाव तर सोडाच, नावाच्या आसपासचा शब्दही ती तोंडात येऊ देत नसे. नाचणी ती कधी वाळत घालायची नाही, सुकत घालायची. दुसऱ्यांच्या लाकडाला वाळवी लागायची, हिच्या लाकडाला उधई. दिवाळीत भावाला ओवाळायचं असलं की म्हणायची, "दिवा दाखवते." पाड्यातली पोरं मुद्दाम विचारायची, "मामी, नदीत काय असतं गो?" आणि ती शेणाचा हात उगारून म्हणायची, "रेती असते, रेती. आन तुमची हाडं असतात!"

पाड्याचं नावही तेच, आणि घोडं अडलं ते तिथे. किन्हवलीच्या वर, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या डोंगरात सात घरं होती. भागीच्या नवऱ्याच्या आज्याने, थोरल्या वाळूने, तिथे पहिली झोपडी बांधली म्हणून तो वाळूचा पाडा. नातवाला आज्याचं नाव ठेवलं, तेव्हा भागीच्या सासूची, लहानीची, तीच पंचाईत झाली, कारण ते तिच्या सासऱ्याचं नाव. पोटच्या पोराला ती जन्मभर 'दादू' म्हणत आली. सातही घरं एकाच भावकीची, त्यामुळे कुणाचा सासरा, कुणाचा आजेसासरा, कुणाचा थोरला दीर, असं करत करत पाड्याचं नाव उच्चारू शकेल अशी एकही सून तिथे नव्हती. पुरुष म्हणायचे वाळूचा पाडा, सुना म्हणायच्या रेतीचा पाडा. बाजारात, जत्रेत, सोयऱ्यांत सगळे समजून घ्यायचे. डोंगरावर रेतीचा कण नव्हता, पण त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

सन चौतीसच्या थंडीत मोजणीवाले आले. ओढ्याकाठी तंबू पडला. साहेब होते पुण्याकडचे गद्रे, पायाला पट्ट्या, कानाला मफलर, बोलायला मऊ. त्यांच्याबरोबर घाटावरचे चार खलाशी, म्हणजे सर्वेचं सामान वाहणारे गडी. गद्र्यांचं सगळं काम एका फळ्यावर चालायचं. तीन पायांवर फळा, फळ्यावर ताणून बसवलेला कागद, कागदावर पितळी पट्टी. पट्टीच्या फटीतून समोरच्या डोंगरावरचं निशाण बघायचं आणि तिच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ ओढायची. तीन डोंगरांवरच्या तीन निशाणांच्या तीन रेघा कागदावर जिथे एकमेकींना कापतील, तिथे आपण उभे आहोत असं समजायचं.

हे ऐकून वाळूला हसू आवरेना. "आपुन कुठं उभं हाव ते कळाया येवढा खटाटोप? मला इचारायचं नाय काय!"

गद्रेही हसले आणि त्यांनी वाळूलाच कामाला लावलं. पाड्यातले सगळे पुरुष सर्वेच्या कामावर गेले. कोणी झाडी तोडून नजरेला वाट करून दिली, कोणी सामान वाहिलं. वाळूला पलीकडच्या सुळक्यावर पांढरं निशाण धरून उभं केलं. हलायचं नाही, बसायचं नाही. तीन दिवस तो तसा उभा राहिला, वाऱ्यात, उन्हात, माशा बसल्या तरी. दूरवरून भागीला तो पांढरा ठिपका दिसायचा आणि उगाच बरं वाटायचं. माणसाला कुणी कामाचा समजलं की तो किती आनंदाने उन्हात उभा राहतो, ते तिने तेव्हा पाहिलं.

आणि त्याच तीन दिवसांत, पाड्यात एकही पुरुष नसताना, गद्रे नावं गोळा करायला आले.

त्यांचा नियम चोख होता. जागेचं नाव एकाच माणसाच्या तोंडून घ्यायचं नाही. दोघांना विचारायचं, वेगवेगळं विचारायचं, दोघांनी एकच सांगितलं तर वहीत लिहायचं. हा नियम कुणी शहाण्याने केलेला असणार, आणि नियम म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही. गद्र्यांनी झऱ्यावर पाणी भरणाऱ्या भागीला विचारलं, "बाई, या वाडीचं नाव काय?"

"रेतीचा पाडा," भागी म्हणाली.

"रेतीचा? इथे रेती कुठे आहे?"

भागीने पदर तोंडात घातला आणि हसली. आता परक्या माणसाला काय सांगणार! गद्रे तिथून वर घराकडे गेले. अंगणात लहानी वरी पाखडत होती. तिला विचारलं. तिनेही सांगितलं, "रेतीचा पाडा हाय ह्यो." गद्र्यांचं समाधान झालं. दोघी वेगवेगळ्या, उत्तर एक. खलाशी घाटावरचे, त्यांना इथली ओळखपाळख नाही. वहीत नाव चढलं.

जाताना गद्र्यांनी भागीला तो कागद दाखवला. वेड्यावाकड्या रेघा एकीत एक बसवलेल्या. "हा तुमचा डोंगर. एका उंचीवरून चालत गेलं तर जशी वाट पडेल, तशी ही एकेक रेघ. निळं ते पाणी, हा तुमचा झरा. हिरवं ते जंगल. आणि हे तांबडे ठिपके, ही घरं."

भागीने वाकून पाहिलं. तिचं घर मोहरीएवढंही नव्हतं. तरी तिने विचारलं, "आन उंबर? दारातला?"

"झाडं एकेक दाखवत नाहीत," गद्रे जरा ओशाळून म्हणाले.

संध्याकाळी वाळू आला तो पाय सुजवून आणि आनंदात. भागीने त्याला उंबराची गोष्ट सांगितली, ठिपक्यांची सांगितली. नाव विचारलं होतं ते सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

चार-पाच वर्षं गेली. लहानी गेली. भागीची लेक रखमी गुडघ्याएवढी होती ती कमरेला लागली. आणि एकोणचाळीसच्या दसऱ्यानंतर जंगलवाल्यांचा नवा माणूस वर आला, बगलेत छापलेला नकाशा घेऊन.

पाड्याचं सगळं पोट दळीवर होतं. दळी म्हणजे डोंगरउतारावर नाचणी-वरी करायला जंगलवाल्यांनी दिलेला तुकडा. थोरल्या वाळूच्या नावाने तसा परवानगीचा कागद होता, वेळूच्या नळीत घालून आढ्याला टांगलेला. आता वरून हुकूम आला होता की ज्या पाड्याचा कागद आहे आणि जो पाडा नकाशात आहे, त्याचीच दळी राहील. बाकीचं जंगल बंद.

त्या माणसाने कागद वाचला. "मौजे वाळूचा पाडा. कुठे आहे हा?"

"ह्यो काय, तुमी उभं हाव त्यो," वाळू म्हणाला.

"हा रेतीपाडा." त्याने नकाशावर बोट ठेवलं. "वाळूचा पाडा नकाशात कुठेच नाही. मी आजूबाजूचं सगळं पाहिलं."

वाळू आधी हसला. मोठ्याने हसला, अगदी मांडीवर थाप मारून. "अवो साहेब, त्यो बायांचा शब्द! आमच्या बाया नाव घेत नायत ना, म्हून रेती म्हनतात." तो माणूस हसला नाही. नकाशा सरकारचा आहे, तो बायांच्या शब्दांवर चालत नाही, असं म्हणून तो उठला. चूक असेल तर कचेरीत अर्ज करा, पावसाच्या आत नाव दुरुस्त करून आणा, नाहीतर पाडा खाली करा, एवढं सांगून तो उतरून गेला.

वाळूने वळून भागीकडे पाहिलं. तो रागावला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. झऱ्यावरचं ते हसणं तिला आठवलं. तिने आणि म्हाताऱ्या सासूने, जगात जे बोलायचं नाही तेवढंच टाळलं होतं. त्याच्यापायी सात घरं जायची म्हणजे काय?

अर्ज झाला. कुणी लिहून दिला, कुणी पोचवला, सगळं झालं. कचेरीतून उलट आलं की मोजणीच्या वहीत 'पाड्यातील दोन स्त्रियांनी नाव सांगितले' असं लिहिलेलं आहे, तेव्हा त्या बायकांनीच येऊन खरं नाव सांगावं. लहानी तर उरली नव्हती. राहिली भागी.

वैशाखात दोघं पहाटे निघाली आणि डोंगर उतरली. वाटेत नदी लागली. पाणी घोट्याएवढं, बाकी सगळी कोरडी रेती पसरलेली. वाळू खाली बसला, मूठभर उचलली आणि तिच्यापुढे धरली.

"ह्ये काय हाय गो?"

"रेती."

"नीट सांग. कचेरीत सांगायचंय ना?"

भागीने मान फिरवली. "तवाची तवा सांगंन."

"मी काय मरत नाय," वाळू म्हणाला. "तीन दिस निशान धरून उभा ऱ्हायलो व्हतो. येका शब्दानं मरंन व्हय?" मूठ उघडून त्याने ती रेती हळूहळू सोडली आणि हात धोतराला पुसला. मग दोघं शहापूरची वाट चालू लागली.

कचेरीत दुपारपर्यंत बसावं लागलं. आत साहेब होता, कारकून होता, टेबलावर तो नकाशा. साहेब दुष्ट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण दुष्ट असता तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या. त्याच्यापुढे त्या दिवशी असे सतरा अर्ज होते आणि त्याला जेवायला जायचं होतं.

"बाई, पाड्याचं नाव काय?"

भागीने पदर डोक्यावरून पुढे ओढला. वाळू दाराशी उभा होता, तिला त्याची फक्त पावलं दिसत होती. ती त्या पावलांकडे बघत राहिली.

"अहो बाई, बोला."

"वाळूचा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "वाळूचा पाडा."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तिला वाटलं, आता काहीतरी होईल, छप्पर हलेल, तो दाराशी कोसळेल. काही झालं नाही. कारकुनाने बोरू शाईत बुडवला.

"मग सर्वेच्या वेळी रेती का सांगितलंस?"

"वाळू म्हंजी रेतीच की वो," भागी घाईघाईने म्हणाली. एकदा जीभ सुटली होती, तर आता सगळं नीट समजावून सांगावं असं तिला वाटलं. "आमी बाया रेती म्हनतो. येकच हाय ते."

"एकच आहे?"

"येकच साहेब. काय बी फरक नाय."

साहेबाचा चेहरा खुलला. सकाळपासून पहिलंच सोपं प्रकरण त्याच्या हाती लागलं होतं. त्याने कारकुनाला सांगितलं, "लिहा. सदर बाईच्या सांगण्यानुसार वाळू व रेती यांचा अर्थ एकच. सबब नकाशातील नाव चुकीचे नाही. दुरुस्तीचे कारण दिसत नाही. अर्ज निकाली."

वाळू पुढे आला. "साहेब, येकच म्हनता, तर मंग आमचा कागद बी चालंल ना?"

"ते जंगलवाल्यांना विचारा. आमच्याकडून नकाशा बरोबर आहे." भागीला शाईत अंगठा बुडवायला सांगितलं. तिने बुडवला आणि टेकवला.

जंगलवाल्या माणसाने तो निकाल वाचला आणि मान हलवली. कचेरीच म्हणते नकाशा बरोबर आहे. नकाशात वाळूचा पाडा नाही. कागद वाळूच्या पाड्याचा आहे. मग तुमच्या पाड्याला कागद नाही. यात खोट काढायला जागाच नव्हती. गद्र्यांच्या नियमासारखंच तेही चोख होतं.

मृगाच्या आधी सात घरं उतरली. वासे, कुडाचे तट्टे, उखळं, कोंबड्यांची खुराडी डोक्यावर घेऊन. कोणी मुरबाडकडे गेलं, कोणी कोळशाच्या भट्ट्यांवर. वाळू आणि भागी किन्हवलीच्या खालच्या अंगाला कुणाच्या तरी बांधावर झोपडी घालून राहिली. चिखल होता, डास होते. वाळू दुसऱ्याच्या भातात राबायचा आणि दुपारच्या वेळी उगाच डोंगराकडे बघत बसायचा.

आश्विनात त्याला ताप भरला. थंडी वाजायची, घाम फुटायचा, उतरायचा, पुन्हा भरायचा. नवव्या दिवशी तो गेला.

आपण शहाणी माणसं म्हणू की हिवताप होता, त्या वर्षी त्या पट्ट्यात घरटी एक माणूस गेलं. हे खरं आहे. पण भागीला ते कोण सांगणार? भेटायला आलेल्या बाया तिच्याजवळ बसल्या, रडल्या, तिचं डोकं पोटाशी धरलं. "मी नाव घेतलं," ती म्हणायची, "मी माझ्या तोंडानं घेतलं." आणि एकही बाई म्हणाली नाही की तसं नसतं. कारण तसं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. नाव घेऊन पाडा वाचला असता तर निदान कशाच्या बदल्यात काय गेलं ते तिला कळलं असतं. तिने दोन्ही गमावलं होतं आणि स्वतःच्या जिभेने गमावलं होतं, असा तिचा हिशेब होता. तो शेवटपर्यंत कुणाला मोडता आला नाही.

नवरा गेलेल्या बाईला नाव घ्यायची मोकळीक असते. आता कुणाचं आयुष्य कमी व्हायचं? पण भागीची जीभ वळली नाही. नाचणी सुकतच राहिली.

चव्वेचाळीसच्या फाल्गुनात ती रखमीला घेऊन वर गेली. दरवर्षी जायची. कारण विचारलं तर म्हणायची, मोहाची फुलं वेचायला. फुलं खालीही मिळत होती. जुन्या जागी सात ओटे राहिले होते, त्यांच्यावर घाणेरी माजलेली. उंबर मात्र वाढला होता. झऱ्याच्या तोंडाशी दगड ढासळले होते, ते ती बाजूला करत होती, इतक्यात माणसांचा आवाज आला.

तरणाताठा सर्वेवाला होता, खाकी कपड्यांतला, दोन खलाशी बरोबर. लढाईचे दिवस. खाली सपाटीवर पलटणींचे तंबू पडलेले, आणि त्यांच्यासाठी जुने नकाशे ताजे करायचं काम निघालं होतं. त्याने नकाशा दगडावर पसरला. भागीने तो ओळखला. त्याच एकीत एक रेघा, तोच निळा ठिपका, तेच तांबडे सात.

"मावशी, हा रेतीपाडा ना?"

रखमीने आईकडे पाहिलं. भागीने हातातला दगड खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि उभी राहिली.

"नाय."

"मग?"

"वाळूचा पाडा," भागी म्हणाली. स्पष्ट म्हणाली, जीभ अडखळली नाही. "वाळूचा पाडा हाय ह्यो. माझ्या धन्याचा आजा वाळू, आन माझा धनी बी वाळू."

पोरगा चक्रावला. नकाशातलं नाव चुकलेलं सापडलं म्हणून त्याला आनंदही झाला असावा. त्याच्या धंद्यात ती कमाईच. पण तोही नियमाचा माणूस. "दुसऱ्या कुणाला तरी विचारायला हवं," तो म्हणाला आणि रखमीला चार पावलं बाजूला नेऊन वेगळं विचारलं. लेकीला बापाचं नाव घ्यायला कसली आडकाठी?

"वाळूचा पाडा," रखमी म्हणाली.

दोघी वेगवेगळ्या, उत्तर एक. त्याने तांबड्या पेन्सिलीने 'रेतीपाडा' यावर आडवी रेघ मारली आणि वर नीट, एकेक अक्षर जपून, नवं नाव लिहिलं. ना अर्ज, ना कचेरी, ना अंगठा. भागी बघत राहिली. इतकं सोपं होतं ते.

"घरं किती?"

भागीने ओट्यांकडे बोट दाखवलं. "सात."

"आणि माणसं?"

भागीचं बोट तसंच ओट्यांकडे राहिलं. पोरग्याने एकदा घाणेरीकडे पाहिलं, एकदा त्या दोघींकडे. मग खाली वाकून त्याने सात तांबडे ठिपके एकेक करून खोडले आणि नावाच्या पुढे आणखी एक शब्द लिहिला. बाईला वाचता येत नसणार हे ध्यानात येऊन त्याने तो भल्या मनाने वाचून दाखवला.

"वाळूचा पाडा. ओसाड. बरोबर आहे ना, मावशी?"

भागीने नकाशाकडे पाहिलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली.